ओवाळणीनंतरचे दोन महिने
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



जवान घरी आला की आपण त्याला ओवाळतो, त्याचे तोंड गोड करतो. पण त्याची जुनी नोकरी शाबूत आहे का, हे कोणी विचारत नाही. त्याविषयीच मी चार शब्द सांगणार आहे.

प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, ही आपापला नोकरीधंदा सांभाळून देशसेवा करणाऱ्यांची सेना. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचे उद्घाटन केले. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिने कामगिरी बजावली.

माझा भाचा याच सेनेतला. बोलावणे आले तसा तो कारखान्यातून गेला. परतला तेव्हा मालक म्हणाले, "तुझ्या जागी दुसरा माणूस घेतला." मुलगा मानी. एक शब्द न बोलता घरी येऊन बसला. सात आठवडे गेले. शेवटी सूनबाई माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, कायदा काहीच म्हणत नाही का?"

कायदा म्हणतो! १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याप्रमाणे, लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला रजा देणे आणि सेवा संपल्यावर पूर्वीपेक्षा कमी नाही अशा अटींवर परत घेणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. प्रॉव्हिडंट फंडाचे हक्कही राखलेले आहेत. बोलावण्याचा हुकूम निघाल्यावर कामावरून काढले, तर कर्तव्य चुकवण्यासाठीच काढले असे धरतात. तसे नाही, हे मालकाने सिद्ध करायचे. मालकाने नकार दिला तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो, किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो.

मात्र एक मेख आहे. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत मालकाकडे अर्ज केलेला नसेल, तर मालकाच्या बचावाला तेवढे पुरते.

आमच्या हाती थोडेच दिवस उरले होते. सूनबाईने त्या रात्रीच नवऱ्याला अर्ज लिहायला बसवले आणि सकाळी स्वतः नेऊन पोच घेतली. भाचा आज त्याच खात्यात कामावर आहे.

म्हणून भगिनींनो, पुरुषाचा मान दुखावला की तो गप्प बसतो. तारखा आपणच ध्यानात ठेवायच्या. बोलावण्याचा हुकूम, सेवा संपल्याचा कागद आणि अर्जाची पोच एका पिशवीत जपून ठेवा. ओवाळणीचे तबक खाली ठेवले की लगेच विचारा, "अर्ज केलात का?"