घराण्याचा वारसा, पूर्वग्रह आणि तरुणाची ओळख
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षिप्त आलेख)



आजचा विषय मी तरुणांसाठी निवडला असला, तरी त्याचा अधिक भार आपणा वडीलधाऱ्यांवर आहे. मुलाची ओळख घडू लागते ती घरात ऐकलेल्या गोष्टींतून. नंतर बाहेरचे जग त्याच्यावर आपला शिक्का मारते. या दोहोंमध्ये तो स्वतःला शोधत असतो.

आपल्या उपनगरांतील मराठी जैन तरुणाचीच स्थिती पाहा. घाटकोपर किंवा बोरिवलीच्या महाविद्यालयात तो आपले आडनाव पाटील, चौगुले किंवा मगदूम असे सांगतो, तेव्हा “मग तू जैन कसा?” असा प्रश्न येतो. जैन असल्याचे आधी सांगितले, तर “म्हणजे गुजराती किंवा मारवाडी ना?” असे विचारले जाते. एका बाजूस तो पुरेसा मराठी ठरत नाही, दुसऱ्या बाजूस पुरेसा जैन ठरत नाही. वस्तुतः कोल्हापूर, सांगली व बेळगाव या परिसरात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत आले आहेत. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या मूर्तीच्या पायाशी कोरलेला लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात होते. हा इतिहास मुलाला ठाऊक असेल, तर त्या प्रश्नाने तो खजील होणार नाही. परंतु तो त्याला सांगावयाचा कोणी?

यासाठी मी आपल्यापुढे एका तरुणाचे उदाहरण ठेवू इच्छितो. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन पाटील कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव पायगोंडा, आईचे गंगाबाई. घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीचे, पुढे पाटीलकी ऐतवडे बुद्रुकची. जमीन, मान आणि धर्मनिष्ठा हा सारा वारसा त्यांना जन्मतःच लाभला. त्याच वारशात सोवळे-ओवळेही होते. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्या मुलाने रहाटच मोडून टाकल्याची आठवण चरित्रकार सांगतात.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. १९०८ मध्ये तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. बंधूंनो, आपल्याच समाजाने, आपल्याच मुलाला, माणसाजवळ बसल्याबद्दल बाहेर काढले. हे पान आपण स्मरणिकांत सहसा छापत नाही.

अशा प्रसंगी तरुण मनात कटुता साठणे स्वाभाविक होते. परंतु पुढे काय घडले ते पाहा. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे अध्वर्यू आणि त्या वसतिगृहाच्या कारभाराशी निगडित असलेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर आणण्यात आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुना हिशेब चुकता करण्याची संधी हाती आली होती. भाऊरावांनी तुरुंगवास पत्करला, छळ सोसला, आत्मघाताच्या टोकापर्यंत ते गेले, परंतु असत्य बोलले नाहीत.

माझ्या मते त्यांची खरी ओळख येथे दिसते. सत्यव्रत त्यांनी घराण्याकडून घेतले आणि अस्पृश्यता त्याच घराण्याच्या उंबरठ्यावर ठेवली. समाजाने दूर लोटले म्हणून त्यांनी समाजाचा द्वेष केला नाही, आणि समाज आपला म्हणून त्याचा दोषही झाकला नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. ज्याला एका वसतिगृहातून जावे लागले, त्याने शेकडो मुलांना वसतिगृहाचे दार उघडले.

आता आपल्या दाराकडे पाहू. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड येथे एका मराठी महिलेला, ती मराठी असल्यामुळे, कार्यालयासाठी जागा नाकारल्याची तक्रार राज्यभर गाजली. आहाराच्या कारणावरून घर नाकारल्याच्या तक्रारीही आपल्या उपनगरांना नव्या नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात अहिंसेचे पालन करणे हा आपला धर्म आहे आणि त्याबद्दल संकोच नसावा. मात्र शेजाऱ्याचे आडनाव ऐकून दार लावणे हे अहिंसेत बसते काय, याचा विचार प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीतील जैन सदस्याने करावा. कारण त्या सभेहून परतल्यावर आपण काय बोलतो, हे घरातील मुलगा ऐकत असतो. उद्या तो हीच भाषा बोलेल, किंवा त्या भाषेची लाज वाटून धर्मापासूनच दूर जाईल. दोन्हींत हानी आपलीच आहे.

उलट, आपल्या मुलालाही “कंजूष व्यापारी” अशी टोमणेवजा विशेषणे ऐकावी लागतात. त्या वेळी त्याला वाईट वाटते, हे आपण जाणतो. तेच दुःख दुसऱ्याच्या मुलालाही होते, एवढे त्याला सांगितले तर अनेकान्ताचा पहिला पाठ घरीच होईल.

ज्येष्ठांना माझी विनंती आहे की, घराण्याचा इतिहास लिहून ठेवा. गाव कोणते, शेत किती होते, मुंबईस कोण व का आले, पहिली खोली कोणी दिली, हे सारे लिहा. कोणी उपकार केला तेही लिहा आणि आपल्याकडून कोणावर अन्याय झाला असेल तर तेही वगळू नका. तरुणांना एवढेच सांगतो की, वारशातले काय जपावयाचे आणि काय सोडावयाचे, हा निर्णय तुमचा आहे. भाऊरावांनी तो मॅट्रिकही न होता घेतला होता.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या खाली येऊन नव्या जमिनीत रुजतात आणि मूळ झाडालाच आधार देतात. आपली मुले मुंबईच्या या जमिनीत तशीच रुजोत, ही मंगल कामना व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.