सणाची खरेदी आणि शेजाऱ्याचे घर



आपल्या वसई भागात सणांची रांग मोठी. गणपती झाले की दसरा, दसऱ्यामागून दिवाळी, मग निर्मळची जत्रा आणि लगेच नाताळ. या तीन-चार महिन्यांत घरोघर हात सैल सुटतो. आज आपण या पैशाचा विचार करू. तो किती गेला हे नाही पाहायचे. तो कोणाकडे पाहून गेला, हे पाहायचे.

तुम्ही म्हणाल, आम्ही आमच्या मनाने घेतो. पण घरातली बोलणी आठवून पाहा. ‘त्यांच्याकडे या खेपेला मोठा टीव्ही आला.’ ‘अहो, वर्गातल्या सगळ्या पोरांना नवे बूट आहेत!’ शेजाऱ्याचे नाव आधी येते, वस्तूची गरज मागाहून.

यात सगळेच वाईट आहे असे मुळीच नाही. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणाऱ्या निर्मळच्या जत्रेत तुम्ही सुकेळी घ्यावयास गेलात असे समजा. दुकाने सारखीच दिसतात, प्रत्येक ठिकाणी चाखून बघणे जमत नाही. मग जिथे गिऱ्हाइकांची दाटी, तिथे आपण वळतो. चार जणांनी केलेली पारख आपल्याला फुकटात मिळते. हे शहाणपणच झाले.

परंतु गर्दीही चकते. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ अपरिचित गाणी त्यांनी सुमारे १४,००० लोकांपुढे ठेवली. इतरांनी कोणते गाणे किती वेळा उचलले, हे काही गटांना दिसत होते. त्या गटांत पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली. पण प्रत्येक गटात पुढे गेलेली गाणी सारखी नव्हती! म्हणजे आरंभी चार माणसे जिकडे वळली, तिकडे बाकीचे वळले.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ती म्हणजे लाज. ‘लोक काय म्हणतील?’ लायबेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली दाखवून दिले की काही जण एखादी वस्तू इतरांकडे आहे म्हणून घेतात, आणि काही जण ती सर्वांकडे झाली म्हणून टाकून देतात. आता या दोघांना एकाच आळीत ठेवा. मागचा धावतो पुढच्याला गाठायला, पुढचा धावतो मागच्यापासून सुटायला. ही शर्यत संपायची कशी?

आणि तिचा खर्च कोण भरतो? दिवाळी चार दिवसांची, हप्ते वर्षभराचे. केळी, फुले, भाजी यांचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून. हप्त्याची तारीख मात्र पाऊस पाहत नाही. मग पोराच्या फीसाठी ठेवलेले पैसे तिकडे वळतात.

यावर उपाय काय? सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग मला इथे मोलाचे वाटतात. रेघांची लांबी ओळखायची, इतके सोपे काम. पण आधीच शिकवून ठेवलेले सोबती एकमुखाने चूक उत्तर देत. तेव्हा चारांपैकी तीन माणसे एकदा तरी त्यांच्या मागे गेली. मात्र त्या सोबत्यांत एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी चुकांचे प्रमाण चौथाईवर आले.

हा ‘एक जण’ आपल्या आळीतही हवा. ‘यंदा आम्ही नवे काही घेत नाही, आहे ते चांगले चालले आहे,’ असे एका घराने मोकळेपणी म्हटले, तर आणखी चार घरांना धीर येतो. बचतगटातल्या भगिनींनी सणाआधी खर्चाची मर्यादा मिळून ठरवावी. गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना दोन रकाने आखायला सांगावे: एकात मला हवे ते, दुसऱ्यात मित्राकडे आहे म्हणून हवे ते. पोरे स्वतःच हसतील आणि शिकतील.

आपल्या पूर्वजांनी एक युक्ती केलेली आहेच. दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो. गरिबाचे पान आणि श्रीमंताचे पान यांत फरक नसतो. त्या सोन्याचे वजन कोणी करीत नाही. सणात इतरांकडे पाहायचे असेल, तर असे पाहावे.