रुग्णालयाच्या दाराशी थांबणारा विमा



खेड्यातील एखादी वृद्धा ओल्या मोरीत पाय घसरून पडते, खुब्याचे हाड मोडते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्यावर शस्त्रक्रिया होते. या खर्चाची सोय आता बरीच झाली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले. पण ती घरी परतली की तिला वॉकर लागतो, कमोड खुर्ची लागते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते. येथे विम्याचा हात आखडतो. या योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरताच धरला जातो, आणि म्हातारपणी मोडलेले हाड पंधरा दिवसांत जुळत नाही.

खाजगी विम्याची गोष्ट निराळी नाही. १९८६ साली मेडिक्लेम सुरू झाला तो रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च भरून देण्यासाठी. आजही बहुतेक पॉलिसींना वगळलेल्या वस्तूंची यादी जोडलेली असते. चालण्याची साधने, कमरेचा पट्टा, नेब्युलायझर संच, घरी वापरावयाचा ऑक्सिजन सिलिंडर ही नावे तीत हमखास सापडतात. हप्ता भरताना ती यादी वाचणारा विरळाच.

मात्र घरातील उपकरणांचा खर्च देताच येत नाही, असे म्हणण्यास आधार नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील निवृत्तिवेतनधारकांना श्रवणयंत्र आणि घरी प्राणवायू पुरविणारे यंत्र यांची ठरावीक मर्यादेत प्रतिपूर्ती मिळते. जे निवृत्त कारकुनाला साधते ते शेतमजुराला का साधू नये, हा प्रश्न रास्त आहे.

त्याच्यासाठी आज आहे ती विम्याबाहेरची मदत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरजू वृद्धांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, व्हीलचेअर अशी साधने विनामूल्य देते. महाराष्ट्रात २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यात एकरकमी तीन हजार रुपये जमा करण्याची तीत तरतूद आहे. एवढ्यात काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा येतो; प्राणवायूचे यंत्र येत नाही, आणि त्याचे वीजबिल तर मुळीच नाही. खरेदीचे देयक मुदतीत सादर करावे लागते. अक्षरओळख नसलेल्या वृद्धाची गाडी नेमकी तेथेच अडते, आणि गावच्या शिक्षकाचा अर्धा तास तेथे कामी येतो.

ग्रामपंचायतीजवळही एक साधन आहे. स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. वयोमानाने ऐकू येईनासे झालेला किंवा चालता न येणारा वृद्धही तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्रास पात्र ठरू शकतो. परंतु म्हातारपण म्हटले की असे व्हायचेच, असे समजून घरचे लोक त्याला तपासणीस नेतच नाहीत, आणि निधीच्या यादीत त्याचे नाव येत नाही.