कुत्र्याच्या पोटाचा हिशेब



कामगारांच्या पगाराचा आणि महागाईभत्त्याचा हिशेब मांडण्यात हयात घालविलेल्या माणसाने कुत्र्याच्या वजनावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माणसांच्याच ताटात पुरेसे पडत नसता कुत्र्याच्या लठ्ठपणाची चिंता कसली, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु आम्ही ज्यांच्यासाठी भांडलो त्यांना निदान तोंड उघडून मागणी करता येत होती. घरच्या कुत्र्याला ती सोय नाही. त्याचा शिधा, त्याचे फिरणे, त्याची विश्रांती, सारे धनीच ठरवितो. आणि जादा खाऊ घालून धनी त्याचे आयुष्य तोडतो, तेव्हाही तो शेपटीच हालवितो.

आयुष्य तुटते हे आम्ही अलंकाराने बोलत नाही. अमेरिकेत लॅब्राडोर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिले गेले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटभर खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ११.२ वर्षे भरले, बेताने खाणाऱ्यांचे १३. सांधेदुखीचे उपचारही त्यांना सुमारे तीन वर्षे उशिरा लागले. हा प्रयोग कुत्र्यांचे अन्न विकणाऱ्या कंपनीचाच होता. मालकाने स्वतःच्या मालाविरुद्ध दिलेली साक्ष आम्ही नेहमीच जास्त वजनाची मानतो!

आता आपले कुत्रे लठ्ठ आहे की नाही, हे कसे ओळखावे? उजव्या हाताचा पंजा पसरून पालथा धरा आणि डाव्या हाताची बोटे त्यावरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा हाताला लागल्या तर ठीक. मूठ वळल्यावर बोटांची पेरे जशी टोचतात तशा लागल्या तर ते उपाशी आहे. तळहातासारखे मऊ लागले तर चरबी चढली. वरून पाहता बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. वजन करायचे तर त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे.

चूक बहुधा जेवणाच्या थाळीत नसते, ती चहाच्या वेळी असते. सकाळी आजोबा बिस्कीट देतात, दुपारी आई पोळीचा तुकडा, संध्याकाळी मुले आणखी काही; आणि कोणी काय दिले याची नोंद कुठेच नाही. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाकाठी सहाशेच्या आसपास उष्मांक पुरतात. वरखाऊ त्याच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे साठ. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत सुमारे साडेचारशे उष्मांक असतात. तेव्हा दोन-तीन बिस्किटांतच दिवसाचा वाटा संपला.

येथे कोणी नामदेवांची आठवण देईल. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ते कुत्रे भुकेले होते, आणि ते धावतही होते. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे लिफ्टने खाली उतरते.

सारा दोष धन्याचाच असतो असेही नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळले की, सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडोरांत एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची खाखा शमत नाही. अशा कुत्र्याच्या डोळ्यांतील याचना खरी असते. मात्र ती गरज नसते. नसबंदीनंतरही अन्नाची गरज घटते, तेव्हा शिधा कमी करावा लागतो. काहींना थायरॉइडचा विकार असतो. म्हणून आधी पशुवैद्याला दाखवावे. वजन उतरवायचे ते सावकाश, आठवड्याला शेकडा एक-दोन या हिशेबाने. एकदम उपास घडवू नये. आणि बिस्किटाऐवजी काही द्यायचे तर गाजराचा किंवा काकडीचा तुकडा द्यावा; द्राक्षे, बेदाणे व कांदा मात्र कधीच नको, ते कुत्र्याला विषारी आहेत.

फिरविण्याचे काम पुष्कळ घरांत गड्यावर सोपविलेले असते. त्याच्या कामाचे तास वाढवून कुत्र्याचे वजन उतरवू नका, एवढी आमच्या धंद्यातली विनंती.

एक साधी व्यवस्था सांगतो. सकाळी दिवसाचा सगळा शिधा मोजून एका डब्यात काढून ठेवावा. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्या डब्यातूनच घ्यावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे वाटप बंद, मग मागणारे आजोबा असोत की नातू.