रिकामे हात

वृद्धाश्रमाच्या तपासणीचा एक छापील तक्ता असतो. खाटा किती, पाण्याची सोय कशी, औषधांची नोंदवही आहे की नाही, हे सारे त्यात विचारलेले असते. नोकरीच्या आरंभी असे कितीतरी तक्ते मी भरले. एका आश्रमाने सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे यांसाठी मागितलेली किरकोळ रक्कम मीच लाल शाईने खोडली होती. शेरा मारला होता, ‘अनावश्यक’.

पुढे नेदरलंड्समधील एका प्रयोगाविषयी वाचनात आले. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील हेस्टर ले रिश या संशोधिकेने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी एक जादूचे मेज रचले. २०१५ साली ते शुश्रूषागृहांसाठी उपलब्ध झाले. मेज आपले साधेच. वर छताला टांगलेल्या पेटीतून त्यावर प्रकाशाची चित्रे पडतात. पाचोळा पसरतो, आणि हात फिरवला की पाने सरकतात. नियम लक्षात ठेवण्याची गरज नाही.

मला यंत्राचे अप्रूप नाही. ज्याला मुलाचे नाव आठवत नाही, त्याचाही हात मेजावरचा केर झाडावयास पुढे होऊ शकतो, हे ज्या दृष्टीने हेरले तिचे आहे. आपण सेवा म्हणतो ती न्हाऊ घालणे, भरवणे, निजवणे. ही क्रियापदेच पाहा ना! कर्ते आपण, आणि वृद्ध केवळ कर्म.

आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारांनी उभारावा, अशी तरतूद आहे. आश्रमवासीयांच्या करमणुकीच्या साधनांचाही त्यात उल्लेख आहे. दफ्तरी त्याचा अर्थ बहुधा भिंतीवरचा दूरदर्शन संच असा होतो.

काही वर्षांनी त्याच आश्रमात पुन्हा जाण्याचा योग आला. व्यवस्थापिकाबाईंनी पदरमोड करून चिंध्या जमवल्या होत्या, आणि ओसरीवर सहा-सात जणी गोधडी शिवीत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीला आपली मुले किती, हे सांगता येत नव्हते. धावदोरा मात्र ओळीत पडत होता. मी गोधडीचे टोक उचलून पाहू लागलो, तशी ती म्हणाली, “अहो साहेब, ताणून धरा. झोळ पडतोय.”

मी धरले. बराच वेळ धरून बसलो.

त्या वर्षी ती रक्कम मी मंजूर केली. सुया रोज संध्याकाळी मोजून घेण्याची नोंदवही ठेवावी, असेही खाली लिहिले. सवय जाता जात नाही.