गावाचे भांडवल



मंदिराचा जीर्णोद्धार नुसत्या पैशाने होत नाही. कोणी वर्गणी देतो, कोणी श्रमदान करतो, आणि हिशेबावर सर्वांचा विश्वास असतो. हा विश्वास गावाचे पहिले भांडवल. शिकलेली माणसे हे दुसरे.

या दोहोंची सांगड ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी घातली. १९४५ साली बोर्डीस सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. शाळेत येणार कशी? तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात आणि कुरणात गेली. आधी आपुलकी जडली, मग अक्षरे आली.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. परंतु कारखाना दाराशी आला तरी यंत्रावरचे काम हुन्नर असणाऱ्यालाच मिळते. भरती कोठे आहे, कोणते शिक्षण घ्यावे, हे बहुधा ओळखीतून कळते. ती ओळख एका आळीपुरती राहिली, तर पाड्यावरचा मुलगा हमालीवरच राहतो.

म्हणून कळस चढला तरी वर्गणीची वही मिटू नये. तिचे पुढचे पान पाड्यावरच्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी उघडावे, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.