राणीच्या बागेतला एक दिवस



मुंबईत लहानपण गेलेल्या कोणालाही राणीच्या बागेबद्दल विचारा. तो आधी हत्तीचं नाव घेईल, माकडांचं घेईल, आणि आजची मुलं असतील तर पेंग्विनचं. भायखळ्याला पूर्वेच्या बाजूला उतरायचं, चालत बागेच्या फाटकाशी यायचं आणि आत शिरल्याबरोबर तडक पिंजऱ्यांची वाट धरायची, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. मुलांचं हट्ट धरणं मला समजतं. पण ही बाग सुरू झाली १८६२ साली आणि प्राणी आले १८९० मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं लोक इथे येत होते ते झाडं पाहायला, आणि १८७२ पासून बागेच्याच आवारात उभं राहिलेलं संग्रहालय पाहायला. त्या दोन गोष्टी अजून जागच्या जागी आहेत. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही त्यांची आजची नावं. त्या दोन्हींबद्दल मला आज बोलायचं आहे.

पश्चिम भारतातली शेती आणि बागाईत सुधारावी म्हणून मुंबईत एक ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी होती. तिची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घ्यायचं ठरलं तेव्हा बागेसाठी भायखळ्याला नवी जमीन मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांनी ती लोकांसाठी खुली केली. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची बाग म्हणून ती राणीची बाग. पुढे १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि आजही महापालिकाच ती सांभाळते.

याच सुमाराला शहरात संग्रहालयाचीही खटपट चालू होती. फोर्टातल्या टाऊन बराकीत एक लहानसं संग्रहालय आधी होतं. पण १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा तातडीने हवी झाली आणि जमवलेल्या वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. मग शहरातल्या जाणत्या मंडळींनी नवी इमारत बांधायचा चंग बांधला. समितीचे अध्यक्ष नाना शंकरशेट, आणि चिटणीस दोघे : डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड. हा बर्डवुड बेळगावात जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा. मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पती आणि मालाची सूची करणारा. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांजऱ्याचे, आणि ग्रँट मेडिकलच्याच पहिल्या तुकडीचे डॉक्टर. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे आणि कडूकवठीच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार करून पाहणारे.

दोघेही डॉक्टर होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी डॉक्टरला झाडं ओळखावीच लागत. औषध तिथूनच यायचं. बाग आणि संग्रहालय या दोन्ही कामांत बर्डवुड होता. आपल्या मुलखात काय उगवतं आणि आपली माणसं त्यापासून काय घडवतात, असा एकच सलग प्रश्न या लोकांच्या मनात होता. पहिल्या अर्ध्याचं उत्तर बागेत लावलं, दुसऱ्याचं काचेच्या कपाटांत मांडलं. म्हणून मी म्हणते की ही दोन ठिकाणं एकाच फेरीत पाहावीत, आणि आधी बाग पाहावी.

आता झाडांकडे येऊ. इथे तीन हजारांहून अधिक झाडं आहेत, २८६ जातींची. मुंबईसारख्या शहरात, रेल्वेच्या रुळांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर! मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन सगळ्यात आधी उभी राहायची ती कैलासपतीखाली. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड, पण आपल्याकडे ते महादेवाचं झालं आहे. त्याची फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत. थेट खोडातून लोंबणाऱ्या, दोरखंडासारख्या डहाळ्या फुटतात आणि त्यांवर गुलाबी-लाल, मांसल पाकळ्यांची फुलं उमलतात. एक खाली पडलेलं फूल उचलून तळहातावर घ्या. मधोमध बारीक केसरांचं एक कडं दिसेल, आणि त्याच्या एका बाजूने निघून पुढे वाकलेला, केसरांचाच एक फणा. कड्यातल्या बुटक्या केसरांत फलन करणारे परागकण असतात. फण्यातले पराग बीज धरण्याच्या कामाचे नसतात; ते भुंग्याला खाऊ म्हणून असतात. भुंगा फण्याखाली शिरतो, पोट भरतो आणि पाठीवर खरे पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातो. एवढं सांगितलं की मुलं फूल खाली ठेवत नसत. वास इतका गोड की विश्वास बसत नाही, याच फुलाचं तोफगोळ्याएवढं फळ फुटलं की त्याला नाक दाबावं लागतं.

गोरखचिंच ओळखायला पुस्तक लागत नाही. आफ्रिकेतल्या या झाडाचं खोड इतकं जाड असतं की दोघातिघांनी हात धरले तरी कवेत येत नाही. ते खोड आतून मऊ आणि पाणी साठवणारं. उन्हाळ्यात झाड निष्पर्ण असतं, पावसाच्या तोंडावर पालवतं, आणि त्याची मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात, कारण त्यांच्याकडे वटवाघळं येतात. सकाळी बागेत गेलात तर झाडाखाली मलूल झालेली फुलं पडलेली सापडतात. उर्वशीचं वेगळंच. ब्रह्मदेशातलं हे झाड फुलांनी लगडलं की लाल झुंबरं टांगल्यासारखी दिसतात. त्याला बी क्वचितच धरतं, म्हणून गुटी बांधून रोप करावं लागतं. म्हणजे आज ते आपल्याला दिसतं आहे त्यामागे कुणा माळ्याचे हात आहेत. मादागास्करचा कोलव्हिलिया इथे आहे, पर्जन्यवृक्ष आहेत, आपला सीता-अशोक आणि बकुळ तर आहेतच. बंदराच्या शहरात जगभरातलं बियाणं आलं आणि या मातीने त्यातलं किती तरी आपलंसं केलं.

ऊन चढलं की संग्रहालयात जावं.

ही इमारत सहजासहजी उभी राहिली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता तोवर वर्गण्या भराभर आल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजाराने मुंबईतल्या मोठमोठ्या घरांना बुडवलं आणि बांधकाम अर्धवट राहिलं. नाना शंकरशेट त्याच वर्षी गेले. पुरी झालेली इमारत त्यांना दिसली नाही. शेवटी सरकारने पैसा घातला आणि २ मे १८७२ रोजी दारं उघडली. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय. भाऊ दाजींना त्यानंतर दोनच वर्षं मिळाली. त्यांचं नाव संग्रहालयाला मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात इमारतीची फार आबाळ झाली. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धार हाती घेतला. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. ओतीव लोखंडाचे खांब, फिकट हिरव्या रंगावर सोनेरी वर्ख, भोवताली फिरणारा सज्जा. पण माझी विनंती आहे, छत पाहून परत फिरू नका. वरच्या मजल्यावर मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सेसिल बर्न्स इथे क्युरेटर असताना लोकांना शिकवण्यासाठी अशा प्रतिकृती मुद्दाम करवून घेतल्या गेल्या. आपापला धंदा करत बसलेली माणसं, गावाचा देखावा, नाना जातीजमातींचे पोशाख. पगड्यांचे नमुने तर निरखून पाहण्याजोगे आहेत. पगडीचा पीळ पाहून माणूस कुठला आणि काय करतो हे ओळखणारं शहर होतं हे. तिथेच बिदरीकाम आहे, हस्तिदंती काम आहे, जे. जे. कला शाळेत घडलेली मातीची भांडी आहेत. बागेतून नुकतेच आला असाल तर माती, लाकूड, लाख यांच्याकडे पाहण्याची नजर आधीच तयार झालेली असते.

बाहेर आलात की दगडाचा हत्ती. हा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हाच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये ते जोडून पुन्हा हत्ती उभा केला. जवळ जाऊन पाहिलं तर अंगावरचे सांधे दिसतात. मला तो तसाच आवडतो. मोडला म्हणूनच तो आपल्याकडे राहिला.

आसपास इंग्रजांचे पुतळेही आहेत. साठच्या दशकात शहरातल्या चौकांतून हलवून ते इथे आणले. घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, म्हणजे मूळचा काळा घोडा, १९६५ पासून इथेच आहे.

एक गोष्ट बोलायलाच हवी. २००७ च्या सुमारास या जागेवर परदेशी धर्तीचं मोठं प्राणिसंग्रहालय उभारायची योजना पुढे आली, तेव्हा झाडांच्या बाजूने नागरिक उभे राहिले. त्यांनी जाती मोजल्या, याद्या केल्या, वारसा समितीपर्यंत धडक मारली. ती झाडं तोडली गेली असती तर पुन्हा लावता आली नसती. दीडशे वर्षं कुठल्याही निविदेत मागवता येत नाहीत. त्या नागरिकांची मी ऋणी आहे. आणि पालिकेकडे माझं एकच मागणं आहे : प्रत्येक झाडाला मराठी नावाची, वाचता येईल अशी पाटी असावी, आणि ती खिळा ठोकून लावलेली नसावी.

जायचं ठरवलंत तर असं करा. सकाळी लवकर निघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उर्वशी पाहायला मिळेल, पावसाच्या सुरुवातीला गोरखचिंचेची फुलं, पावसाळा ओसरताना कोलव्हिलियाचे केशरी घोस. संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आणि बुधवारी दोन्ही बंद असतात, तेव्हा तो वार सोडून कोणताही दिवस धरा.